डेहराडूनची गढी छावणी : एका सैनिकी विद्यालयाची शंभर वर्षे

दिल्लीहून मेरठ, मुझफ्फरनगर, रुडकी असा उसाच्या शेतांमधून जाणारा जुना रस्ता मोहंडपाशी अकस्मात शिवालिकच्या डोंगरांत शिरतो. हस्तिनापूरच्या यात्रेस गेलेल्या वाचकांना या रस्त्याचा मेरठपर्यंतचा भाग परिचयाचा असेल. त्यापुढे आपली मंडळी फारशी जात नाहीत. गेली तर मसुरीच्या थंड हवेसाठी. सालवृक्षांचे घनदाट अरण्य, डाटकाली देवीचे मंदिर, तेथील बोगदा, आणि तो ओलांडताच समोर उघडणारे दून खोरे. दक्षिणेस शिवालिक, उत्तरेस हिमालयाची पहिली रांग, पूर्वेकडे गंगा आणि पश्चिमेकडे यमुना, अशा चार सीमांनी आखून दिलेली ही भूमी बासमती तांदळासाठी आणि लीचीसाठी आपल्या व्यापारी वाचकांना ठाऊक आहे. गुरू रामरायांनी येथे डेरा टाकला म्हणून ‘डेहरा’, आणि खोरे म्हणून ‘दून’.

इंग्रजांनी या गावाला संस्थांचे गाव केले. भारतीय सर्वेक्षण खाते, वनसंशोधन संस्था, सैनिकी प्रबोधिनी, दून स्कूल अशी एकामागून एक नावे घ्यावीत. घंटाघराच्या गर्दीतून चक्राता रस्त्याला लागले आणि पुढे उजवीकडे गढी छावणीकडे वळले, की बाजार मागे पडतो, गुरखा वस्तीतील लहान लहान घरे लागतात आणि मसुरीचे डोंगर अधिक जवळचे वाटू लागतात. याच छावणीत सुमारे १३८ एकरांच्या आवारात ‘राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज’ उभे आहे. पर्यटकांच्या यादीत त्याचे नाव नसते आणि परवानगीवाचून त्याचे फाटक उघडत नाही. मला आत जाता आले ते एका मुलाचा नातेवाईक म्हणून. त्याविषयी पुढे सांगेन. आधी या जागेचा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो समजल्यावाचून त्या फाटकाच्या आत पाहण्यासारखे काय आहे ते कळत नाही.

या आवाराला पूर्वी ‘रजवाडा कॅम्प’ म्हणत. १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी संस्थानिकांच्या आणि सरदार घराण्यांतील मुलांसाठी ‘इंपीरियल कॅडेट कोअर’ सुरू केली. ही मुले हिवाळ्यात मेरठला आणि उन्हाळ्यात डेहराडूनला राहत. गणवेश देखणा, घोडे उत्तम, इतमाम मोठा. परंतु शिक्षण पूर्ण झाल्यावर हाती पडे ती अशी सनद, की जिच्या बळावर एकाही गोऱ्या शिपायास हुकूम देता येत नसे. ज्याला खरेखुरे सैनिक व्हायचे होते अशा तरुणाला यात रस वाटेना, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही कोअर बंद पडली. आवार आणि बराकी तेवढ्या शिल्लक राहिल्या.

त्या काळी हिंदी माणसाला सैन्यात किती वर जाता येत असे, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. साध्या शिपायापासून चढत चढत, तीस वर्षे चाकरी करून, छातीवर पदके लावून तो सुभेदार-मेजर होई, आणि तेथे त्याची शिडी संपे. विलायतेहून नुकताच आलेला वीस वर्षांचा गोरा सेकंड लेफ्टनंटही त्याच्याहून वरिष्ठच. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार पाठवल्यानंतर ही व्यवस्था जशीच्या तशी ठेवणे सरकारला अवघड झाले. १९१७ मध्ये राजाची सनद, म्हणजे ‘किंग्ज कमिशन’, हिंदी तरुणांना खुली झाली आणि १९१८ पासून इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या विद्यालयात हिंदी मुलांसाठी दरसाल दहा जागा राखण्यात आल्या.

तीस कोटींच्या देशाला दहा जागा! शिवाय त्या दहाही नीट भरल्या जात नसत. सँडहर्स्टला जाणारा इंग्रज मुलगा तेथील निवासी शाळांत लहानपणापासून घडलेला असे. आपला मुलगा सतराअठराव्या वर्षी प्रथमच बोटीवर चढे, परक्या भाषेत, परक्या थंडीत आणि परक्या रीतिरिवाजांत जाऊन पडे. नापास होणाऱ्यांचे प्रमाण इंग्रज मुलांच्या तुलनेत कितीतरी मोठे होते. हिंदी माणसात अधिकारी होण्याची पात्रताच नाही, असे म्हणणाऱ्यांना हा आयताच पुरावा मिळाला.

त्याला उत्तर विधिमंडळातून आले. मार्च १९२१ मध्ये सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सैन्याच्या प्रश्नावर पंधरा ठराव मांडले. किंग्ज कमिशनांपैकी किमान पंचवीस टक्के हिंदी उमेदवारांना मिळावीत आणि त्यासाठी मुलांची पूर्वतयारी करून घेण्याची सोय देशातच व्हावी, ही त्यांतील मुख्य मागणी. शिवस्वामी अय्यर हे मद्रासचे नाणावलेले वकील. बंदुकीशी त्यांचा काही संबंध नव्हता. परंतु स्वराज्य मागणाऱ्या देशाला स्वतःचे रक्षण करणारे अधिकारी लागतील, हा साधा हिशेब त्यांनी सरकारपुढे मांडला. चळवळीच्या इतिहासात अशा मवाळ माणसांची नावे तळटीपेत जातात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आणि मग १३ मार्च १९२२ हा दिवस उजाडला. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे काही महिन्यांपुरते राजे झालेले आठवे एडवर्ड, यांच्या हस्ते डेहराडूनच्या या रिकाम्या आवारात नव्या विद्यालयाचे उद्घाटन झाले. संस्थेला त्यांचेच नाव दिले गेले : ‘प्रिन्स ऑफ वेल्स रॉयल इंडियन मिलिटरी कॉलेज’. याच युवराजांचे नोव्हेंबरात मुंबईस आगमन झाले तेव्हा शहरात बहिष्कार आणि दंगल उसळली होती. उद्घाटनाच्या तीनच दिवस आधी, १० मार्चच्या रात्री, महात्मा गांधींना साबरमतीस अटक झाली. १८ तारखेस सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी आपल्या येरवड्यास करण्यात आली. एकाच आठवड्यात सरकारने एका हाताने देशाच्या नेत्यास तुरुंगात घातले आणि दुसऱ्या हाताने देशातील अकराबारा वर्षांच्या मुलांसाठी राजनिष्ठ अधिकारी घडवणारी शाळा उघडली. या दोन घटना इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, म्हणून त्यांचे शेजारपण लक्षात येत नाही.

शाळेचा साचा अस्सल इंग्रजी होता. मुलांची गटांत विभागणी, त्यावर मुलांमधूनच नेमलेले प्रमुख, पहाटेची कवायत, दुपारचे वर्ग, सायंकाळी हॉकी आणि क्रिकेट, काट्याचमच्याने जेवण. प्रवेश देताना सैनिकी परंपरेच्या घराण्यांना आणि जमीनदारांना झुकते माप असे. राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांची टीका अशी, की येथे काळ्या कातडीचे इंग्रज घडतात. ती टीका अगदीच अनाठायी नव्हती. मात्र ज्या प्रकारचे शिक्षण केवळ गोऱ्यांनाच झेपते असे म्हटले जात होते, ते आपल्या मुलांनी पाचसहा वर्षांत पचवून दाखवले, आणि येथून सँडहर्स्टला गेलेली मुले उत्तीर्ण होऊ लागली, हेही तितकेच खरे.

तरीही सरकारचा हात आखडताच राहिला. १९२३ मध्ये सेनापती रॉलिन्सन यांनी एक योजना काढली. किंग्ज कमिशन मिळालेल्या हिंदी अधिकाऱ्यांना सरसकट सर्व पलटणींत न नेमता त्यांच्यासाठी आठ पलटणी वेगळ्या काढल्या. उद्देश उघड होता : कोणाही इंग्रज अधिकाऱ्यास हिंदी वरिष्ठाच्या हाताखाली काम करण्याची पाळी येऊ नये. त्या आठांत एक मराठा पलटण होती, सातवी लाइट कॅव्हलरी नावाचे घोडदळ होते आणि एकोणिसाव्या हैदराबाद रेजिमेंटची चौथी पलटण होती. वाचकांनी यांपैकी शेवटची दोन नावे ध्यानात ठेवावीत.

पुढे कायदेमंडळाच्या दबावाने स्कीन समिती नेमली गेली, गोलमेज परिषदेत हा विषय निघाला, आणि १९३१ च्या चेटवुड समितीत आपले डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे सभासद होते. त्यातून १९३२ मध्ये डेहराडूनलाच इंडियन मिलिटरी अकॅडमी उभी राहिली. तिच्या पहिल्या चाळीस विद्यार्थ्यांत सॅम माणेकशा होते, पुढे पाकिस्तानचे सरसेनापती झालेले महंमद मुसा होते आणि ब्रह्मदेशाचे सेनापती झालेले स्मिथ डन होते. गढी छावणीतील मुलांना आता विलायतेची वाट धरण्याची गरज उरली नाही. गावातल्या गावात काही मैलांवर त्यांची पुढची पायरी आली.

येथे शिकून गेलेल्यांपैकी चारच नावांवर थोडे थांबतो.

कोडगू प्रांतातील कोदेंडर सुबय्या तिमय्या हे अगदी सुरुवातीच्या तुकडीतले. येथून सँडहर्स्ट, आणि परतल्यावर त्या आठ पलटणींपैकी चौथ्या हैदराबाद पलटणीत नेमणूक. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सुमारे साडेअकरा हजार फुटांवरील झोजिला खिंडीत त्यांनी रणगाडे चढवले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील ही कल्पनाच शत्रूने केली नव्हती. लडाखचा मार्ग त्या दिवशी मोकळा झाला. ते रणगाडे होते सातव्या लाइट कॅव्हलरीचे. तिमय्या पुढे सरसेनापती झाले, आणि १९६५ मध्ये सायप्रस बेटावर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व करीत असताना त्यांचे निधन झाले.

प्रेमिंद्रसिंग भगत हे दुसरे. १९४१ च्या प्रारंभी इथिओपियाच्या सरहद्दीवर चार दिवसांत पंचावन्न मैलांच्या वाटेवरील पंधरा सुरुंगक्षेत्रे त्यांनी मोकळी केली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे दुसऱ्या महायुद्धातील ते पहिले हिंदी अधिकारी. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची चौकशी करणाऱ्या दोन अधिकाऱ्यांपैकीही ते एक होते.

तिसरे मेजर सोमनाथ शर्मा. दहाव्या वर्षी या शाळेत आले. ऑक्टोबर १९४७ च्या अखेरीस त्यांच्या पलटणीला श्रीनगरला जाण्याचा हुकूम आला, तेव्हा हॉकी खेळताना मोडलेला त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. तरीही त्यांनी आग्रहाने विमानात जागा घेतली. ३ नोव्हेंबर रोजी बडगाम गावापाशी सातशेच्या आसपास हल्लेखोरांना त्यांच्या एका कंपनीने सहा तास रोखून धरले. स्वतः सोमनाथ, एक हात जायबंदी असताना, जवानांच्या बंदुकांत भरण्यासाठी काडतुसांच्या पेट्या तयार करून देत फिरत होते. तोफगोळा पडून त्यांचा अंत झाला, पण तेवढ्या अवधीत कुमक पोहोचली आणि श्रीनगरचा विमानतळ वाचला. वय अवघे चोवीस. देशाचे पहिले परमवीरचक्र त्यांचे. त्यांची पलटण होती चौथी कुमाऊँ, म्हणजेच नाव बदललेली तीच चौथी हैदराबाद.

इंग्रज अधिकाऱ्यांची अब्रू राखण्यासाठी ज्या पलटणी बाजूला काढल्या, त्यांपैकी दोहोंनी स्वतंत्र भारताच्या पहिल्या युद्धात काश्मीर आणि लडाखचे रक्षण केले, आणि त्या दोन्ही प्रसंगी अग्रभागी असलेले अधिकारी युवराजांच्या नावाच्या शाळेत शिकलेले होते. माझे आयुष्य कर्जखाती तपासण्यात गेले. भांडवल एकाने घालावे आणि नफा दुसऱ्याच्या खात्यावर जमा व्हावा, असा इतका स्वच्छ व्यवहार मी दुसरा पाहिलेला नाही.

परमवीरचक्राचा विषय निघाला आहे तर मराठी वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. या पदकाचा नमुना सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केला. जन्माने स्वित्झर्लंडच्या या बाई विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून येथल्याच झाल्या. संस्कृत शिकल्या, पुराणे वाचली. स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची आठवण म्हणून त्यांनी पदकावर इंद्राचे वज्र कोरले. त्यांच्या कन्येचा विवाह सोमनाथांच्या बंधूंशी झालेला होता. पहिले पदक त्याच घरात गेले.

चौथे नाव जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर यांचे. मध्य प्रांतातील सिवनीचा जन्म, वडील आय.सी.एस. आणि पुढे टपाल खात्याचे प्रमुख. बेवूर मूळचे बलुच रेजिमेंटचे. फाळणीत ती रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्यास गेली आणि ते डोग्रा रेजिमेंटमध्ये आले. १९७१ च्या युद्धात पुण्याच्या दक्षिण कमानचे ते प्रमुख होते. राजस्थानची सीमा त्यांच्याकडे होती. १९७३ मध्ये ते सरसेनापती झाले. तिमय्या, बेवूर, विश्वनाथ शर्मा (हे सोमनाथांचेच धाकटे बंधू) आणि पद्मनाभन असे चार लष्करप्रमुख, तसेच सुरी आणि धनोआ असे दोन हवाईदलप्रमुख या एका शाळेने दिले.

पण यादी येथे संपत नाही, आणि या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत जड पान हेच आहे. पाकिस्तानच्या हवाईदलाचे पहिले पाकिस्तानी प्रमुख असगर खान येथलेच. त्यांच्यामागून १९६५ चे युद्ध लढवणारे नूर खान येथलेच. १९७१ मध्ये रावळपिंडीच्या मुख्यालयात बसलेले गुल हसन खान, जे पराभवानंतर तेथील सरसेनापती झाले, तेही येथलेच. एकाच मैदानावर खेळलेली मुले वीसपंचवीस वर्षांनी नकाशाच्या दोन बाजूंना उभी राहिली. १९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी सुरू झाल्या तेव्हा असगर खान यांनी आपले हवाईदलप्रमुख अर्जनसिंग यांना दूरध्वनी केला आणि दोघांनी आपापली विमाने त्या भांडणातून बाहेर ठेवली. अर्जनसिंग या शाळेचे नव्हेत, परंतु दोघे एकाच जुन्या हवाईदलातले, आणि एकमेकांच्या शब्दावर विसंबण्याइतकी ओळख शिल्लक होती. तीही सप्टेंबरपर्यंतच पुरली.

त्या सर्वांत मला अधिक आठवतात ते साहबजादा याकूब खान. रामपूरच्या नवाब घराण्यातले. फाळणीत ते पाकिस्तानात गेले, त्यांचे थोरले बंधू भारतीय सेनेतच राहिले. १९७१ च्या मार्चमध्ये ढाक्यात पूर्वेकडील सैन्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते. निःशस्त्र प्रजेवर सैन्य सोडण्याचा बेत वरून आला तेव्हा त्यांनी तो मान्य केला नाही आणि राजीनामा दिला. त्यांच्यामागून आलेल्यांनी काय केले ते जगाला ठाऊक आहे. आज्ञापालन हेच ज्या शाळेचे पहिले व्रत, त्या शाळेच्या विद्यार्थ्याने आज्ञा नाकारली. गढी छावणीच्या ज्या मुलांचा अभिमान धरावा, त्यांच्यात मी याकूब खानांना मोजतो. सरहद्दीपलीकडचे असले तरी.

स्वातंत्र्यानंतर नावातील युवराज गेले. ‘रॉयल’च्या जागी ‘राष्ट्रीय’ आले, आणि इंग्रजी आद्याक्षरे ‘आर.आय.एम.सी.’ जशीच्या तशी राहिली. शिक्के, फलक, जुन्या विद्यार्थ्यांची ओळख, काहीच फेकावे लागले नाही. ज्या कोणास ही युक्ती सुचली तो कुशल व्यवस्थापक असला पाहिजे. मुलांच्या निवासगटांना पूर्वी ब्रिटिश सेनापतींची नावे होती. आता ती प्रताप, रणजित, शिवाजी आणि चंद्रगुप्त अशी आहेत. मराठी माणसाचे लक्ष शिवाजी या नावाकडे आधी जाते. आपल्या वाचकांना मात्र इतर दोन नावेही घरची वाटावीत. प्रतापांच्या पडत्या काळात आपली संपत्ती त्यांच्यापुढे ठेवणारे भामाशाह हे आपल्याच परंपरेतले. आणि साम्राज्य सोडून भद्रबाहूंच्या मागोमाग श्रवणबेळगोळला जाऊन सल्लेखना घेणारे चंद्रगुप्त तर तेथल्या चंद्रगिरीच्या नावातच आहेत.

आता त्या मुलाविषयी. माझे साडू सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कापडाचे व्यापारी आहेत. दुकान तीन पिढ्यांचे. त्यांचा नातू या विद्यालयाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला आणि घरात आनंदापेक्षा पेच अधिक निर्माण झाला. परीक्षेस बसवले होते ते शाळेतील गुरुजींच्या आग्रहाने. निवड होईल असे कोणाच्याच ध्यानीमनी नव्हते. लेखी परीक्षेचे चारशे गुण, त्यांतील दोनशे गणिताचे. दुकानात बसून वारमीटरचे आणि टक्केवारीचे हिशेब तोंडी करणाऱ्या मुलाला त्याचे काय भय! साडूंनी मला बोलावून घेतले. मी बँकेत होतो, म्हणून अशा प्रसंगी माझे मत विचारण्याची आमच्या नात्यात पद्धत आहे.

“जीवदया पाळणाऱ्या घरातला मुलगा बंदूक हाती घेणार का?” हा प्रश्न तेथे जमलेल्या एका नातेवाइकांनी काढला. मी चामुंडरायांचे नाव घेतले. गंग राजांचे ते सेनापती, आणि श्रवणबेळगोळची बाहुबलीची मूर्ती त्यांनीच घडवून घेतली. संकल्पी हिंसा आणि विरोधी हिंसा यांत आपल्या शास्त्रकारांनी केलेला भेदही सांगू लागलो. साडूंनी मला मध्येच थांबवले.

“शास्त्र राहू द्या, ते महाराजसाहेबांना विचारीन. तुम्ही मला एवढंच सांगा, हा मुलगा बारा वर्षांचा आहे. बारा वर्षांच्या मुलाला काय व्हायचं ते कळतं का? आणि त्याला कळत नसेल, तर आपण कोण ठरवणार?”

खरा प्रश्न तोच होता. अहिंसेचा आक्षेप आपण पुढे करतो. तो सोपा आहे, त्याला ग्रंथांत उत्तरेही आहेत. वयाच्या प्रश्नाला उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही. सोमनाथ शर्मा दहाव्या वर्षी येथे आले आणि चोवीसाव्या वर्षी गेले. हे एक वाक्य मी त्या बैठकीत उच्चारले नाही. मी इतकेच सांगितले, की आपल्या घरांतही बारा वर्षांच्या मुलाचे भवितव्य आपण ठरवतोच, फक्त त्याला गादी म्हणतो. आणि येथे शिकून सैन्यात न गेलेली मुलेही असतात. शेवटी निर्णय घेतला तो मुलाच्या आईने. तिने मुलाला एकट्याला माडीवर नेऊन विचारले, आणि खाली येऊन “जायचं म्हणतोय” एवढेच सांगितले.

त्यामुळे जुलैच्या पावसात आम्ही चौघे गढी छावणीच्या फाटकाशी उभे होतो. डेहराडूनचा पाऊस आपल्या कोकणासारखा. मसुरी ढगांत बुडालेली. देशभरातून आलेली कुटुंबे, तामिळ, मणिपुरी, पंजाबी, प्रत्येकाजवळ एक पत्र्याची पेटी आणि एक गप्प मूल. दर सहामाहीला सुमारे पंचवीस मुले घेतली जातात, जागा राज्यवार वाटलेल्या. आईबापांच्या वेशावरून घरची परिस्थिती कळत होती : कोणी सुभेदार, कोणी शिक्षक, कोणी शेतकरी. मोठ्या गाडीतून आलेले थोडेच. व्यापारी म्हणावेत असे आम्हीच. एका हवालदारांनी माझ्या साडूंना विचारले, “घरात कोणी फौजेत होतं?” साडू म्हणाले, “नाही. आमचं कापडाचं दुकान आहे.” हवालदार हसून म्हणाले, “चांगलं आहे. कोणीतरी पहिलं असावं लागतं.”

आवारात जुनी उंच झाडे आहेत आणि मैदाने इतकी विस्तीर्ण, की आपल्या गावातील शाळेची सारी इमारत एका कोपऱ्यात मावावी. वरच्या वर्गातील मुले नव्यांच्या पेट्या उचलून नेत होती. भिंतींवर नावे आणि छायाचित्रे. सोमनाथांच्या चित्रापुढे साडू बराच वेळ उभे राहिले. खालच्या दोन तारखांतील अंतर त्यांनी मनातल्या मनात काढले असावे; व्यापाऱ्याची सवय. काही बोलले नाहीत.

त्याच आवारात मुलीही दिसल्या. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विद्यालयाचे दरवाजे मुलींसाठी उघडण्यास सांगितले आणि जुलै २०२२ पासून, म्हणजे शताब्दीच्याच वर्षी, त्यांचा प्रवेश सुरू झाला. ज्या घरांतील मुलींना गणितात पैकीच्या पैकी गुण मिळतात आणि पुढे काय हा प्रश्न पडतो, त्यांनी हे लक्षात घ्यावे. इयत्ता आठवीत प्रवेश, वय साडेअकरा ते तेरा, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. आपल्या राज्यात ती पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत होते. लेखी उत्तीर्ण झाल्यावर पन्नास गुणांची तोंडी परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी. इतक्या दूर पाठवण्याची तयारी नसेल त्यांच्यासाठी साताऱ्याची सैनिक शाळा आहे, १९६१ साली सुरू झालेली. आणि दहावीनंतरच्या मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. या दोन्ही संस्था आपल्या घरापासून रात्रीच्या प्रवासावर असून आपल्या समाजातील किती मुलांनी त्यांचे अर्ज भरले असतील?

गढी छावणीतील मुले बारावीनंतर बहुतेक खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी परीक्षा देतात. ही प्रबोधिनीही मूळची डेहराडूनचीच. १९४९ च्या जानेवारीत तेथे तिचा आरंभ झाला आणि १९५५ मध्ये ती आपल्याकडे, सिंहगडाच्या पायथ्याशी, आली. परतीच्या गाडीत मी हे सांगत होतो. साडू रुडकी मागे पडेपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. मग त्यांनी विचारले, “म्हणजे पाच वर्षांनी हा पुण्याला येऊ शकेल?”

“परीक्षा पास झाला तर.”

“गणित चांगलं आहे त्याचं,” ते म्हणाले, आणि पिशवीतून डबा काढून त्यांनी सर्वांना दशम्या वाटल्या.